तिसरा श्वास

मेसेज आला तेव्हा मी माझ्या तान्ह्या जुईसाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होते. डाव्या हाताने फोन उघडला, वाचला, गॅस बंद केला आणि पुन्हा वाचला.

'निरामय कार्ड. कुटुंबप्रमुख : अश्लेषा हर्षद थोरवडे. ऑनलाइन मानसोपचार सत्र क्र. ३, ४ व ५ चा परतावा रोखण्यात आला आहे. कारण : वैयक्तिक सत्रात सलग तीन वेळा तिसरा श्वास आढळला. खुलाशाची मुदत पंधरा दिवस.'

मी मागे वळून बघितलं. स्वयंपाकघरात मी एकटीच होते. तरी मी ओट्याखालचं कपाटसुद्धा उघडून पाहिलं.

पहिला श्वास माझा. दुसरा माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मुलाणी मॅडमचा. त्या रत्नागिरीत बसतात, मी कराडला. दर मंगळवारी अकरा ते बारा आमचं सत्र असतं. बेडरूमचं दार आतून बंद असतं, फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा केलेला असतो, कारण तिथेच रेंज नीट येते. खोलीत तिसरं कोणी नसतं. जुईसुद्धा नसते. माझे सासरे, आबा, तिला खाली पार्किंगमध्ये गाड्या दाखवायला नेतात.

घरात सगळ्यांना वाटतं की मी डेटा ॲनालिसिसचा कोर्स करते. 'प्रमुख, कोर्स कुठवर आला?' असं हर्षद विचारतो, मी 'चाललाय' म्हणते. प्रमुख म्हणजे मीच. प्रत्येकाच्या कार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागतं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे सत्तावीस वर्षांची मी या घराची प्रमुख झाले. हर्षद जेवताना 'प्रमुख, मीठ द्या' म्हणतो आणि आबा ताटात बघून हसतात.

कोर्सचं खोटं का सांगितलं, ते आधी सांगून टाकते. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. जुई दीड महिन्याची असताना तिला घेऊन मी गॅलरीत गेले, आणि कठड्याजवळ डोक्यात एक चित्र आलं : माझे हात सैल झाल्याचं. तेवढंच. मी आत पळाले. त्यानंतर ते चित्र रोज यायला लागलं. गॅलरीचं दार उघडं दिसलं की यायचं, मग बंद दार दिसलं तरी यायचं. जुई सात महिन्यांची झाली, तिला बाहेरचं सगळं बघायचं असायचं, आणि मी तिला सोफ्याच्या पलीकडे नेत नव्हते.

मुलाणी मॅडमनी पहिल्याच सत्रात सांगितलं, आणि पुढे दर सत्रात पुन्हा सांगितलं, की असं चित्र पुष्कळ आयांना येतं, फक्त कोणी बोलत नाही. ती इच्छा नसते, ती भीती असते, आणि ज्या आईला त्या चित्राची एवढी भीती वाटते ती आई हात सोडत नाही. मग त्यांनी मला पावलं मोजायला लावली. सोफ्यापासून कठड्यापर्यंत नऊ पावलं. पाचव्या सत्रापर्यंत मी जुईला घेऊन सहा पावलं गेले होते, गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत.

तीन राहिली होती. आणि आता कोणीतरी ऐकत होतं. ज्याने ऐकलं असेल तो उद्या म्हणणार, बाळ हिच्याजवळ ठेवू नका.

*

तिसरा श्वास पकडणारं हे यंत्र कसं चालतं ते मला माहीत होतं. मी बी.एस्सी. आहे, बाळंतपणाआधी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे कार्ड काढतानाच माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

सरकारी विम्यात ऑनलाइन मानसोपचार पहिल्यांदा आला, तेव्हा खोटी सत्रं फार झाली. फोन चालू करून माणसं निघून जायची. समोरचेही जेवून घ्यायचे. तास भरायचा, परतावा निघायचा. मग संशोधकांच्या एका गटाने वेगळंच काहीतरी मोजलं. दोन माणसं एकमेकांचं खरोखर ऐकत असतील तर हळूहळू त्यांची लय जुळायला लागते. बोलणाऱ्याचा श्वास अडखळला की ऐकणाऱ्याचाही किंचित अडखळतो. एकाच्या नाडीचा वेग उतरला की थोड्या वेळाने दुसऱ्याचाही उतरतो. हे ठरवून करता येत नाही, कोणी प्रयत्न केला तर लगेच कळतं.

फोनला हे सगळं दिसतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीचा रंग इतका थोडा बदलतो की डोळ्याला समजत नाही, कॅमेऱ्याला समजतो. श्वास माइकला ऐकू येतो. आपण बोललेला एकही शब्द फोनच्या बाहेर जात नाही. जाते फक्त लय, आणि तिचा आकडा, शून्य ते एक. याला सहश्वास म्हणतात. सहश्वास चाळीस शतांशाच्या वर असला की फीचे ऐंशी टक्के दोन दिवसांत खात्यात येतात. माझे पहिल्या दोन सत्रांचे आले होते. फोनवर तो मेसेज बघताना मला फार भारी वाटलं होतं. माझं कोणीतरी ऐकलं, याची सरकारदरबारी नोंद झाली होती.

मी विमा केंद्राला फोन लावला. क्षीरसागर नावाचे गृहस्थ होते.

"तिसरा श्वास म्हणजे नक्की काय हो?"

"श्वास, मॅडम. माणूस घेतो आणि सोडतो तो."

"पण खोलीत कोणी नव्हतं."

"असं सगळेच म्हणतात."

"माझ्या बाळाचा असेल. बाहेरून आला असेल आवाज."

"बाळाचा नाही. बाळ मिनिटाला पस्तीस-चाळीस घेतं, तो यंत्र गाळून टाकतं. हा तेराचा आहे. मोठं माणूस. शांत माणूस."

"मग पंखा असेल. फ्रिज असेल."

"पंखा दचकत नाही मॅडम."

मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "श्वासलेख मागवा. तुमचा हक्क आहे, चार दिवसांत मिळतो. मग खुलाशात तीनपैकी एक निवडायचं. यंत्राची चूक. किंवा चोरून ऐकलं. मग त्या माणसाचं कार्ड वर्षभर बंद होतं. किंवा कुटुंबसत्र."

"आणि काहीच निवडलं नाही तर?"

"तर तुमची सत्रं विम्याबाहेर. पुढची सगळी."

मुलाणी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीत मी आणि एक कोरफड. कोरफडीचा श्वास यंत्र धरत नाही." मग थोडं थांबून, "अश्लेषा, यंत्र बरोबर असेल तर? कशाची भीती वाटते, परताव्याची की ऐकलं गेल्याची?"

"दोन्हीची," मी म्हटलं. माझी नोकरी सुटलेली. परतावा नसेल तर फी हर्षदकडे मागावी लागणार, म्हणजे त्याला सांगावं लागणार. आणि सत्रं थांबली तर मी सहाव्या पावलावरच राहणार होते.

*

पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ती एकदम ताजीतवानी. कित्येक महिने मी नुसती पाळत ठेवत होते : जुईचा श्वास चालू आहे ना, खिडकीची कडी लागली आहे ना, कात्री कुठे आहे. आता पहिल्यांदा त्या पाळतीला काम मिळालं होतं. प्रयोगशाळेत दुधात पाणी शोधताना यायचा तसा उत्साह अंगात आला.

ॲपमध्ये चाचणीची सोय होती. फोन खोलीत ठेवायचा, ते श्वास मोजून सांगतं. मी फ्रिजचं दार उघडं ठेवून मोजलं : एक. पंखा पाचवर : एक. बेडरूमची ती खिडकी मागच्या ड्राय बाल्कनीत उघडते, तिथे वॉशिंग मशीन आहे. ते लावून मोजलं : एक. कुकरजवळ फोन नेला तेव्हा मात्र ॲपने दोन दाखवले, शिट्टी झाल्यावर 'दुसऱ्या व्यक्तीस वैद्यकीय मदत हवी आहे का?' असं विचारलं, आणि मी एकटीच इतकी हसले की जुईही हसायला लागली.

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. मग आबा आत आले.

"कोर्सचा अभ्यास का?"

"हो आबा. मोजमाप आहे."

"बरं," म्हणाले. "मोजताना घाई करू नये." आणि पाण्याचा तांब्या भरून गेले.

आबा कृष्णेवर पाणी मोजायचे. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं. पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पाणी कितीला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पावसाळ्यात दर तासाला. बोलतात कमी. आणि मी जिथे असेन तिथे यायचं तर आधी खाकरतात. हॉलमधून स्वयंपाकघरात, मधे दारसुद्धा नाही, तरी खाकरणार. सून आत आहे, तिला पदर-ओढणी सावरायला, बसली असेल तर उठायला सवड मिळावी म्हणून त्यांच्या वडिलांच्या घरात सगळे पुरुष तसं करायचे. लग्नानंतर सुरुवातीला मला हसू यायचं. मग मी त्यावर विसंबून राहायला लागले, दाराच्या बेलवर राहतो तशी. दोन वर्षांत आबा एकदाही न खाकरता आलेले नाहीत.

म्हणून संशयितांच्या यादीतून त्यांचं नाव मी सगळ्यांत आधी खोडलं.

राहिला हर्षद. तो साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे. मंगळवारच्या त्याच्या हजेऱ्या मी लाडीगोडीने त्याच्या फोनवर बघून घेतल्या. तिन्ही मंगळवारी अकरा वाजता तो मशीनवर होता. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला संध्याकाळी भजी करून घातली. तो म्हणाला, "प्रमुख, आज काय विशेष?" मी म्हटलं, "कोर्समध्ये चांगले मार्क पडले."

*

श्वासलेख चौथ्या दिवशी आला. जुईला आबांकडे दिलं आणि पलंगावर बसून फोन उघडला.

तीन रेघा. माझी निळी, मॅडमची तांबडी, तिसरी हिरवी. निळ्या-तांबड्याचा सहश्वास बावन्न शतांश, चांगला आकडा. निळ्या-हिरव्याचा एकाहत्तर.

मी तो आकडा दोनदा वाचला. जो कोणी होता, तो माझ्या तज्ज्ञापेक्षा जास्त ऐकत होता. सगळी रेघभर तो माझ्या मागेमागे होता. मी घाईने बोलले तिथे हिरवी रेघही दाटली होती, मी रडले होते तिथे ती लांब लांब झाली होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो सगळा भीतीचा नव्हता.

मग चौथं सत्र, बाविसावं मिनिट. हिरवी रेघ सपाट झाली. अकरा सेकंद श्वासच नाही.

बाविसाव्या मिनिटाला मी काय बोलले ते मला आठवत होतं, कारण ते बोलताना मी मॅडमकडे न बघता कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. मी म्हटलं होतं, "कठड्याजवळ गेलं की मला माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही."

ऐकलं होतं. नेमकं तेच ऐकलं होतं. मी तशीच उठून हॉलच्या दारात गेले. जुई आबांच्या मांडीवर त्यांच्या चष्म्याची दांडी चावत होती. त्यांच्या मागे गॅलरी, आणि गॅलरीला ती नवी हिरवी जाळी. आठ-दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, आबांनी माणूस बोलावून ती लावून घेतली होती. 'कबुतरं फार झालीत,' म्हणाले होते. मी दिवसभर त्या गॅलरीकडे बघत असते. मला एकही कबूतर दिसलं नव्हतं. तेव्हा ते मनात आलं होतं आणि मी सोडून दिलं होतं.

चौथं सत्र मंगळवारी होतं. जाळी गुरुवारी आली.

मी परत पलंगावर येऊन बसले. पण यादीतून खोडलेलं नाव पुन्हा लिहायचं तर पुरावा हवा. मी तिन्ही लेखांची सुरुवात काढली, जिथे हिरवी रेघ पहिल्यांदा उमटते ती जागा, आणि दोन बोटांनी मोठी केली. तिन्हीकडे एकच आकार. आधी झटकन आत ओढलेला श्वास. मग घसा आवळल्याची बारीकशी उसळी. आणि मग काहीच नाही. हळूहळू, लांबवर, जपून सोडलेला श्वास.

हा आकार मी पूर्ण स्वरूपात हजारदा ऐकला होता. ते खाकरणं होतं, गिळून टाकलेलं. माणूस दाराशी येतो, सवयीने खाकरायला जातो आणि ऐन वेळी आवाज आतच ठेवतो.

मी घड्याळ पाहिलं. पावणेचार. चहाची वेळ झाली होती.

*

चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला, जुईला खाली सतरंजीवर बसवलं, आणि फोन कपाशेजारी ठेवला.

"आबा, हे जरा बघता?"

त्यांनी चष्मा पुसून लावला. रेघांवरून बोट न टेकवता फिरवलं. "कुठलं पाणी हे?"

"पाणी नाही. श्वास आहे. निळा माझा, हिरवा तुमचा."

बोट थांबलं. मग बाविसाव्या मिनिटाच्या सपाट जागेकडे बघून म्हणाले, "इथं मी आहे खरा."

"तुम्ही तर खाली जायचात."

"तिसऱ्या मंगळवारी लिफ्ट बंद होती. जिना म्हटला की गुडघा. पोरगी पेंगत होती, म्हणून मागं मशीनशेजारी स्टूल टाकून बसलो. तुझा आवाज आला. कोर्स नाही ते कळलं." कपाकडे बघत म्हणाले, "उठायला पायजे होतं."

"हो."

"उठलो नाही. पुढच्या दोन वेळा तर लिफ्ट चालू होती."

मला ओरडायचं होतं. ओरडता येईना, सतरंजीवर जुई होती. "आबा, ते माझं होतं," एवढंच म्हटलं.

"होय."

"मग का ऐकलंत?"

त्यांनी चष्मा काढला. "हर्षद झाला तेव्हा आम्ही धरणावरच्या क्वार्टरमध्ये होतो. दारात आड होता. कमल चार महिने आडाकडे गेली नाही. पोराला घेऊन तर नाहीच. मी चारचौघींसमोर बोललो तिला, नोकरदाराच्या बायकोला पाणी शेंदायची लाज वाटते काय. एकदा ती म्हणाली, मला माझ्या हातांचा भरवसा नाही." त्यांनी कप बाजूला सारला. "मी म्हटलं, मग घागर लहान घे."

जुईने चमचा जमिनीवर आपटला.

"दर तासाला नदीचं पाणी बघून लिहायचो मी. बोटभर चढलं तरी कळायचं. पहिल्या दिवशी तू कठड्याचं बोललीस तेव्हा आडच आठवला. आणि पुढच्या मंगळवारी तू तेच बोललीस, शब्दाला शब्द. तेव्हा कळलं ती काय सांगत होती. पस्तीस वर्षांनी. मग वाटलं, पुढचं ऐकावं. तुझ्या मॅडम तुला काय सांगतात ते. तिला कोणी सांगितलं नव्हतं."

मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला पुढे जाताच येत नव्हतं. "हे सगळं ऐकून तुम्ही जुईला माझ्याजवळ ठेवलंत?"

"मॅडम म्हणाल्या ना, भीती वाटते ती आई हात सोडत नाही. मी पण ऐकलं ते. फुकटात."

"आणि जाळी?"

"जाळी त्या भीतीला. तिला कुठं तरी अडायला नको? कबुतरं कुठायत इथं."

मी खुलाशाचे तीन पर्याय वाचून दाखवले. त्यांनी मधेच हात वर केला. "चोरून ऐकलं. तेच खरं आहे, तेच लिही. माझं कार्ड बंद होईल, होऊ दे."

त्यांच्या हृदयाच्या गोळ्या त्या कार्डावर येतात. मी तिसऱ्या पर्यायाखालचा मजकूर पुन्हा वाचला. कुटुंबसत्रात तिसऱ्याने कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं, स्वतःचं नाव नोंदवावं लागतं, आणि बोलावं लागतं. नुसता ऐकणारा चालत नाही.

"मी काय बोलणार?" आबा म्हणाले. "सुनेच्या खोलीत बसून?"

"घागरीचं बोला," मी म्हटलं.

*

रविवारी हर्षदला सांगितलं. सगळं, जाळीसकट. तो बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिला, घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कोर्सबद्दल विचारायचास. माझ्याबद्दल विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. "आईने आडाचं मला कधी सांगितलं नाही," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "त्या यंत्रात चौथा श्वास बसतो का?"

"आधी तिसरा बसू दे," मी म्हटलं.

क्षीरसागरांना फोन केला. "खुलाशात काय लिहू?"

"खरं लिहा. पण दोनशे शब्दांत."

मी लिहिलं की सासरे माझ्या नकळत बसले होते, मला ते कळलं आहे, आणि कुटुंबप्रमुख या नात्याने मी त्यांना आत घेत आहे. क्षीरसागरांनी ते फोनवरच वाचलं. जरा थांबून म्हणाले, "कुटुंबप्रमुखाने असा अधिकार वापरल्याचं आमच्याकडे पहिलंच. नियमात आहे म्हणा. मंगळवारच्या सत्रात तोच श्वास समोर बसला पाहिजे, आणि तिघांचा सहश्वास दोघादोघांत चाळीसच्या वर पाहिजे. सासऱ्यांचा तुमच्याशी, सासऱ्यांचा त्या मॅडमशी, सगळा. मग मागचे तिन्ही सुटतील. नाही आला तर..."

"कळलं."

"सासरे बोलतात का?"

"तसे नाही बोलत."

"अवघड आहे," म्हणाले. मग एकदम, "कळवा मात्र काय होतं ते."

*

मंगळवारी अकराला मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला. या वेळी जुई माझ्या मांडीवर होती. मॅडम आल्या. पडद्यावर खाली पट्टी आली : 'तिसऱ्या व्यक्तीची प्रतीक्षा. पाच मिनिटांत सत्र रद्द होईल.'

चार मिनिटं. तीन. दार लोटलेलं होतं. दाराखालच्या फटीतून मला आबांच्या पायांची सावली दिसत होती. जात नव्हती, येत नव्हती.

"हाक मारू का?" मी मॅडमना विचारलं.

"थांबा थोडं," त्या म्हणाल्या.

दोन मिनिटं. मग दाराबाहेर आबा खाकरले. चांगलं मोठ्याने, पूर्ण. जुईने दाराकडे मान वळवली.

"या आबा," मी म्हटलं.

ते आले. खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर. कुटुंबसत्रात रेघा आणि आकडा समोरच दिसतात; पडद्यावर हिरवी रेघ आली आणि ती सगळी विस्कटलेली होती. कुठे दाट, कुठे तुटलेली. आकडा अठरावर. मॅडमनी विचारलं, "थोरवडे आबा, तुम्हाला कुठून सुरू करावंसं वाटतं?" आणि आबा खिडकीकडे बघत राहिले. पंधरा. मला वाटलं, संपलं. मी काहीतरी बोलून सावरावं म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. इतके दिवस मला कोणी मधे तोडलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "आड दारापासून वीस पावलांवर होता."

आणि बोलत राहिले. सासूबाईंचं कमळाच्या काठाचं लुगडं, शेजारणी, कोरडी पडलेली घागर. मी पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते, पण कडेला रेघा दिसतच होत्या. तांबडी आधी हिरवीपाशी गेली. मग निळी. तिघी एकमेकींना धरून चालायला लागल्या. ते 'घागर लहान घे' पर्यंत आले आणि त्यांचा आवाज तिथेच थांबला.

त्या क्षणी पडद्यावरची निळी रेघ सपाट झाली. श्वास मी धरला होता. किती सेकंद ते मी मोजलं नाही.

"तुम्ही तिच्यासाठी काय करायला हवं होतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

आबांनी खूप विचार केला. "बरोबर चालायला पायजे होतं," म्हणाले. "वीसच तर पावलं होती."

सत्र संपलं तेव्हा आकडा बघायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. मॅडमनी हात हलवला, पडदा मिटला. आबा उठले, सवयीने जुईकडे हात केले. "आण, गॅलरीत नेतो. ऊन छान आहे."

"मी नेते," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतले.

सोफ्यापासून मी मोजत गेले. सहाव्याला उंबरा. चित्र आलं, यायचंच होतं; मी त्याला येऊ दिलं आणि जुईची मांडी घट्ट धरली. सात. फरशी उन्हाने तापली होती. आठ. आत कट्ट्यावर फोन वाजला, विमा केंद्राच्या मेसेजचा तो दोन सुरांचा आवाज. मी वळले नाही. नऊ.

जुईने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि खाली गाड्या बघून ओरडली. कठड्याच्या पलीकडे, जाळीला चिकटून, कुठून तरी एक कबूतर येऊन बसलं होतं.

"आलं बघ शेवटी," मागून आबा म्हणाले.

ते माझ्या मागे, दोन पावलांवर होते. सोफ्यापासून बरोबर चालत आले होते, आणि खाकरले नव्हते. जुईचा श्वास भरभर चालला होता, माझा जरा चढलेला होता. आणि आमच्या दोघींच्या मागे संथ, मिनिटाला तेराचा, मला न मोजता ऐकू येत होता.